हळू पोहणारा आधी : लंडनच्या सर्पंटाइन स्विमिंग क्लबची वाटचाल

लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पंटाइन तळ्यात दर शनिवारी सकाळी पोहण्याची शर्यत असते. उन्हाळ्यात असते, कडाक्याच्या थंडीतही असते. पावसात तर असतेच, कारण लंडनमध्ये पावसासाठी सुट्टी द्यायची ठरवली तर वर्षभर सुट्टीच द्यावी लागेल. ही शर्यत भरवणारी संस्था १८६४ साली निघाली. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि त्यापायी मुंबईत कापसाच्या सट्ट्याला ऊत आला होता, एवढे सांगितले म्हणजे काळ लक्षात येईल. बाराही महिने उघड्या पाण्यात पोहण्याची आरोग्यदायी सवय लोकांना लागावी, हा संस्थेचा उद्देश. त्यात पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांत कुणाला फारशी भर घालावीशी वाटली नाही.

आपल्या स्मरणिकेत परदेशातल्या एका क्लबला पाने कशासाठी, असे काहींना वाटेल. आपण पहाटे तलावावर जमणारी माणसे. आपल्यातल्या बहुतेकांना पदक मिळण्याचे वय केव्हाच मागे पडले आहे, आणि काहींना ते कधी आलेच नव्हते. तरीही आपण जमतो. अशाच माणसांची एक संस्था दीडशे वर्षे कशी टिकली, हे पाहण्याजोगे आहे. तिच्या मालकीचे तळे नाही. ते राजघराण्याच्या उद्यानातले. तळ्याकाठच्या लिडोत, म्हणजे उघड्यावरच्या स्नानाच्या जागेत, कपडे बदलण्यापुरती सोय आणि वेळेवर येणारे सभासद, एवढाच तिचा पसारा. आपल्याकडे संस्था काढली की आधी इमारत निधी सुरू होतो. या मंडळींना ती बुद्धी सुचली नाही, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

आधी तळ्याविषयी. ते निसर्गाने केलेले नाही. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिच्या हौसेखातर वेस्टबोर्न नावाच्या छोट्या नदीला बांध घालून १७३० च्या सुमारास ते तयार झाले. त्या काळात बागांतली तळी फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ असत. हे मुद्दाम वळणदार केले. पुढे शहर वाढले, वेस्टबोर्नमध्ये सांडपाणी मिसळू लागले आणि १८३४ मध्ये तिचे पाणी तळ्यात घेणे बंद करावे लागले. आता विंधनविहिरींचे पाणी येते. बिचाऱ्या वेस्टबोर्नला नळात कोंडले आहे. स्लोन स्क्वेअरच्या भुयारी रेल्वे स्थानकात फलाटाच्या वर एक जाडजूड लोखंडी नळ आडवा गेलेला दिसतो. ती ही नदी. रोज हजारो माणसे तिच्याखालून जातात आणि वर मान करून कुणी पाहत नाही.

या तळ्याला बुडण्याचा जुना शाप होता. कवी शेलीची पहिली पत्नी हॅरिएट हिचा देह १८१६ च्या डिसेंबरात इथेच सापडला. उन्हाळ्यात आंघोळीला उतरलेले आणि हिवाळ्यात बर्फावर घसरगुंडी खेळताना बर्फ फुटून आत गेलेले, असे लोक दर वर्षी बुडत. बुडालेल्यांना शुद्धीवर आणण्यासाठी १७७४ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली होती, ती पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी झाली. तिने १७९४ साली तळ्याच्या काठी एक घरच उभारले. पाण्यातून काढलेल्या माणसाला तिथे नेऊन ऊब द्यायची, उपचार करायचे. आधी बुडणाऱ्यांना वाचवणारे आले आणि पोहायला शिकवणारे मागाहून आले, हा क्रम आपल्याही अनेक गावांतल्या नदीघाटांवर दिसतो. पोहण्याच्या संघटित शर्यती इंग्लंडात सुरू झाल्या त्या १८३७ च्या आसपास, नॅशनल स्विमिंग सोसायटीच्या पुढाकाराने, आणि त्यांतल्या काही याच पाण्यात झाल्या. तेव्हा इथे उतरायची मुभा पुरुषांनाच होती, तीही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा.

अशा ठिकाणी १८६४ मध्ये क्लब निघाला. सर्वांत जुना असल्याचा मान त्याला घेता येत नाही. ब्रायटनचा क्लब चार वर्षांनी वडील आहे आणि तो समुद्रात पोहतो. पण शहराच्या ऐन मध्यावर, कामावर जाण्याआधी पाण्यात उतरून घेणाऱ्या नोकरदार माणसांचा क्लब म्हणून सर्पंटाइनवाल्यांची जातकुळी वेगळी.

या क्लबचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीत नाही. तो त्यांच्या शर्यतीच्या पद्धतीत आहे. त्यांची शर्यत सूट देऊन होते, इंग्रजीत त्याला हँडिकॅप म्हणतात. प्रत्येकाची आधीची वेळ वहीत लिहिलेली असते. जो सर्वांत हळू तो सर्वांत आधी पाण्यात उतरतो. मग सेकंद मोजले जातात, ज्याचा आकडा पुकारला जाईल तो उतरतो, आणि सर्वांत वेगवान माणूस शेवटी. आपल्याकडे अंगणात मुलांची पळापळी लागली की धाकट्या भावंडाला दहा पावले पुढे उभे करतात, तोच हा हिशेब. फक्त इथे तो साठीच्या माणसांना लावलेला आहे. हिशेब अचूक असेल तर सगळे एकाच वेळी काठाला हात लावतात.

याचे परिणाम पाहण्यासारखे असतात. हळू पोहणाऱ्याला मागून येणाऱ्यांच्या हातापायांचा आवाज ऐकत पुढे राहायचे असते, त्यामुळे तो कधी नव्हे इतका जीव काढतो. वेगवान माणसाला उघड्या अंगाने काठावर इतरांपेक्षा जास्त वेळ काकडत उभे राहावे लागते, आणि समोर सगळी माणसे पुढे जाताना पाहावी लागतात. म्हणजे गर्वाला जागाच उरत नाही. कुणी एका आठवड्यात अचानक सुधारला की पुढच्या वेळी त्याची सूट कमी होते. सूट ठरवणाऱ्यावर सगळ्यांचा राग. आळीपाळीने सगळ्यांचा असल्याने तो कुणा एकाचा राहत नाही. कुणी आजारपणातून उठून आला, कुणाचा खांदा दुखावला, कुणाचे वय झाले, तर वहीतला आकडा बदलतो आणि माणूस शर्यतीत राहतो. साध्या शर्यतीत असा माणूस दोन-तीनदा शेवटचा येतो आणि मग यायचाच बंद होतो. इथे सत्तरीतल्या आजोबांना पंचविशीतल्या पोराला हरवण्याची संधी दर शनिवारी असते, आणि त्या पोरालाही त्यांच्याकडून हरण्यात कमीपणा वाटत नाही, कारण हिशेब दोघांनाही मान्य असतो. संस्था टिकवायची असेल तर नियम असा हवा. आपल्याकडच्या वार्षिक स्पर्धांत वयोगट पाडतात तो दुसरा उपाय, पण त्यात प्रत्येक जण आपल्याच वयाच्या माणसांत राहतो. सूट देण्याच्या पद्धतीत पोरसवदा आणि पिकलेले एकाच पाण्यात उतरतात, आणि बाहेर आल्यावर एकाच किटलीतला चहा पितात.

वर्षातली सर्वांत गाजलेली शर्यत नाताळच्या सकाळी होते. अंतर फक्त १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. उन्हाळ्यात हे अंतर कुणालाही हसण्यावारी नेता येईल, पण डिसेंबरअखेर तळ्याचे पाणी पुष्कळदा ४ अंशांच्या आसपास असते. ही शर्यत क्लबइतकीच जुनी, १८६४ पासूनची. तिला जगभर नाव मिळाले ते १९०४ साली, जेव्हा नाटककार जे. एम. बॅरी यांनी विजेत्यासाठी चषक दिला. बॅरी तेव्हा हाइड पार्कला लागूनच असलेल्या केन्सिंग्टन गार्डन्सच्या समोरच राहत होते आणि कुत्र्याला घेऊन या बागांतून रोज फिरत. त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांच्या ‘पीटर पॅन’ नाटकाचा पहिला प्रयोग ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये झाला. कधीच मोठा न होणाऱ्या मुलाचे ते नाटक, आणि चषकाचे नाव पीटर पॅन कप. डोक्याचे केस गेलेली, पोट सुटलेली माणसे तो जिंकण्यासाठी बर्फासारख्या पाण्यात उड्या घेतात. बॅरींनी हे मुद्दाम केले असेल तर त्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. चषक स्वतःच्या हाताने देण्यासाठी ते पुढे कित्येक वर्षे येत राहिले. पीटर पॅनचा ब्राँझचा पुतळाही याच पाण्याच्या वरच्या अंगाला, लाँग वॉटरच्या काठी आहे. बॅरींनी तो १९१२ साली ३० एप्रिलच्या रात्री गुपचूप बसवून घेतला, म्हणजे दुसऱ्या दिवशी बागेत आलेल्या मुलांना तो जादूने उगवल्यासारखा वाटावा.

नाताळच्या शर्यतीत हवशा-गवशांना प्रवेश नसतो. ती सभासदांपुरती असते, आणि सभासदानेही थंडीच्या दिवसांतल्या शनिवारच्या शर्यतींत भाग घेऊन पात्रता मिळवलेली असावी लागते. हा नियम कडक वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. अशा पाण्यात उतरताच पहिली दोन-तीन मिनिटे श्वासावर ताबा राहत नाही. आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही गटांगळी खातो. शरीराला ही थंडी हळूहळू, आठवड्यामागून आठवडा, शिकवावी लागते. सप्टेंबरात उतरणे चालू ठेवले तर डिसेंबर झेपतो. दुसरा धोका बाहेर आल्यावरचा. हातापायांतले गार रक्त मध्यभागाकडे परतते आणि अंगाचे तापमान काही वेळ आणखी उतरत राहते, त्यामुळे खरी हुडहुडी पाण्यात भरत नाही, ती काठावर आल्यावर दहा मिनिटांनी भरते. म्हणून एकट्याने उतरायचे नाही. कुणीतरी टॉवेल धरून उभे हवे, बोटे चालेनाशी झाली की शर्टाची बटणे लावून द्यायला कुणी हवे, बोलताना जीभ अडखळते आहे का इकडे लक्ष ठेवणारे कुणी हवे. या क्लबांतल्या मैत्रीचे मोठे कौतुक होते. माझ्या मते तिचा पाया इतकाच व्यावहारिक आहे. ज्याच्या शर्टाची बटणे तुम्ही लावून दिली त्याच्याशी औपचारिक बोलणे पुढे जमत नाही.

१९३० साली तळ्यावर मोठा बदल झाला. मजूर पक्षाच्या सरकारात उद्यानांचे खाते जॉर्ज लॅन्सबरी यांच्याकडे होते. त्यांनी दक्षिण काठावर स्नानाची जागा राखून दिली आणि तिथे स्त्री-पुरुषांना एकत्र पोहण्याची मुभा दिली. बरीच टीका झाली. ती काय झाली असेल हे आपल्याला समजावून सांगायला नको. लोकांनी मात्र गर्दी केली. लॅन्सबरी पुढे पक्षाचे नेते झाले, पण लंडनकरांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते ‘लॅन्सबरीज लिडो’ म्हणून. आजही उन्हाळ्यात तिथे बायका, मुले, पर्यटक उतरतात, आणि त्यांच्या आधी भल्या सकाळी क्लबची मंडळी आपले पोहणे आटोपून घेतात.

इथे थोडे विषयांतर करून शहराच्या उत्तरेकडे, हॅम्पस्टेड हीथवर जायला हवे, कारण तिथे घडलेली गोष्ट आपल्यासारख्या प्रत्येक मंडळाने माहीत करून घ्यावी अशी आहे. हीथवर पुरुषांचे, स्त्रियांचे आणि दोघांचे अशी तीन पोहण्याची तळी आहेत. तिथल्या हिवाळी पोहणाऱ्यांच्या क्लबने मागणी केली की थंडीत पहाटे जीवरक्षक हजर नसतानाही मिश्र तळ्यात आम्हाला आमच्या जबाबदारीवर उतरू द्या. तळ्यांची देखभाल करणाऱ्या महापालिकेला भीती वाटली की कुणाला काही झाले तर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या १९७४ च्या कायद्याखाली खटला आपल्यावर येईल. पोहणाऱ्यांनी माघार घेतली नाही. ते उच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये न्यायमूर्ती स्टॅन्ली बर्न्टन यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. जाणत्या प्रौढ माणसाने धोका ओळखून स्वखुशीने पाण्यात उतरायचे ठरवले, तर त्यातून येणारा धोका हा त्याच्या निर्णयाचा भाग आहे, परवानगी देणाऱ्याचा गुन्हा नाही, असा त्या निकालाचा आशय. आपल्याकडे कुठल्या नदीवर, धरणावर दुर्घटना झाली की ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लागते आणि विषय संपतो. पाटीने बुडणे थांबत नाही, जाणत्यांचे जाणे मात्र थांबते, आणि मग पाण्यावर लक्ष ठेवणारी अनुभवी माणसेच तिथे उरत नाहीत. हीथच्या मंडळींनी हा मुद्दा न्यायालयात मांडून जिंकला, याचा सर्पंटाइनच्या काठावरही आनंदच झाला असणार.

सर्पंटाइनच्या सभासदांपैकी पुष्कळांना पुढे इंग्लिश खाडी खुणावते. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ च्या ऑगस्टमध्ये ती २१ तास ४५ मिनिटांत पार केली, तेव्हा क्लब अकरा वर्षांचा होता. अंतर सुमारे ३४ किलोमीटर, पण भरती-ओहोटीच्या ओढीने पोहणाऱ्याला त्याहून बरेच जास्त पाणी कापावे लागते. एकट्याने जायचे तर आधी १६ अंशांच्या किंवा त्याहून गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. पण मला जास्त आवडतो तो सहा जणांचा चमू. प्रत्येकाने एकेक तास पोहायचे, सहाव्यानंतर पुन्हा पहिला, आणि एकदा ठरलेला क्रम मोडायचा नाही. एकाने जरी आपल्या पाळीला पाण्यात उतरायला नकार दिला, तरी सगळ्यांची मोहीम रद्द. बोटीवर ओकाऱ्या काढणारा, थंडीने निळा पडलेला माणूस रात्री दोन वाजता पुन्हा पाण्यात उतरतो तो स्वतःसाठी नव्हे, हे उघड आहे. ज्यांनी हे एकदा केले त्यांना पुढे मैत्रीची व्याख्या विचारू नये.

या खाडीशी आपले नाते जुने आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला आलेले मिहिर सेन १९५८ मध्ये ती पार करणारे पहिले भारतीय ठरले. पुढच्याच वर्षी आरती साहा यांनी दुसऱ्या प्रयत्नात ती पार केली. आशियातल्या स्त्रियांत त्या पहिल्या. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून सातही मोठ्या सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्याकडचे पोहणारे सरावासाठी धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर धरतात. अंतराचा सराव त्यात होतो. थंडीचा होत नाही, कारण अरबी समुद्र आपल्याला लाडावून ठेवतो. थंडी शिकायला इंग्लंडातच जाऊन राहावे लागते.

२०१२ च्या ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर पोहण्याची शर्यत याच तळ्यात झाली. पुरुषांत ट्युनिशियाचा उस्सामा मेल्लूली आणि स्त्रियांत हंगेरीची एव्हा रिस्तोव्ह जिंकली. काठावर प्रचंड गर्दी होती. क्लबच्या इतिहासात याला फार जागा द्यावी असे मला वाटत नाही. पाहुणे आले, उत्तम पोहले आणि गेले. पुढच्या थंडीत तळे पुन्हा नेहमीच्या माणसांचे झाले. करोनाच्या साथीत २०२० मध्ये मात्र पोहणे बंद ठेवावे लागले आणि नाताळची शर्यतही झाली नाही. बंदी उठल्यावर ब्रिटनभर उघड्या पाण्यात पोहायला येणाऱ्यांची रीघ लागली. बंद दाराआड महिनोन्महिने काढलेल्या माणसांना गार पाणी आणि चार ओळखीचे चेहरे यांची किंमत कळली होती.

आपल्या मंडळाने सूट देऊन शर्यत घेण्याची पद्धत एकदा करून पाहावी, अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही. एक घड्याळ, एक वही आणि रोष ओढवून घ्यायला तयार असलेला एक हिशेबनीस, एवढे पुरते. आणि नाताळात कुणी लंडनला असेल तर सकाळी नऊच्या आत तळ्याच्या दक्षिण काठावर पोहोचावे. पोहता येणार नाही, पाहायला तिकीट नाही. त्या दिवशी लंडनची भुयारी रेल्वे आणि बससेवा पूर्ण बंद असते, तेव्हा मुक्काम चालत जाता येईल असा हाइड पार्कच्या जवळ ठेवावा.